दहा रुपयांचा अर्ज: माहिती अधिकाराच्या सेवेचे परीक्षण

आपण हॉटेलांची, दुकानांची आणि मोबाइलच्या दुरुस्तीची परीक्षणे आवर्जून लिहितो, परंतु ज्या सेवेसाठी प्रत्येक नागरिक कर भरतो आणि जी वापरायला पुन्हा फक्त दहा रुपये लागतात, त्या माहिती अधिकाराच्या सेवेचे परीक्षण कुणी ग्राहकाच्या नजरेतून लिहिलेले माझ्या वाचनात क्वचितच आले आहे. मी एका पतसंस्थेत बरीच वर्षे हिशेबनीस होते. कागद वाचण्याची सवय आहे आणि कागदावरच्या तारखांकडे आधी पाहण्याची त्याहून अधिक. आमच्या वसाहतीसमोरच्या एका काँक्रीट रस्त्याच्या निमित्ताने गेले जवळपास दीड वर्ष मी ही सेवा अर्जापासून दुसऱ्या अपिलापर्यंत वापरत आहे. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. आमच्या नगरपरिषदेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण अजून संपलेले नाही आणि माझा आक्षेप एका कार्यालयापुरता मर्यादितही नाही.

रस्ता २०२३ च्या मार्चमध्ये झाला. २०२४ च्या पावसाळ्यात त्याच्या मधोमध लांबलचक तडे गेले आणि कडेचा भाग खचू लागला. नगरपरिषदेत तोंडी विचारल्यावर ‘काम नियमाप्रमाणे झाले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नियम कोणता आणि त्याप्रमाणे झाल्याचा कागद कोणता, हे विचारण्यासाठी मी जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज भरला.

अर्ज करण्याच्या टप्प्याला मी चांगले गुण देईन. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही लागत नाही, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती अधिनियमाच्या कलम ६(२) नुसार कुणावरही करता येत नाही. आवक कक्षातील लिपिकाने मला ‘ताई, कशाला हवी आहे माहिती?’ असे विचारले खरे, पण मी कलमाचा आकडा सांगताच त्याने मुकाट्याने पोच शिक्का मारून दिला. राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो, मात्र मला हवे होते ते कार्यालय मी पाहिले तेव्हा तेथील यादीत मिळाले नाही. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मी पूर्वी एका टपाल प्रकरणी अर्ज केला होता. तेथे मजकुराला तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही. आपल्याकडे पहिल्या अपिलाला वीस रुपये लागतात, आणि २०१२ पासून राज्याच्या नियमांनी अर्जावर दीडशे शब्दांची व एकाच विषयाची मर्यादा घातली आहे. त्या वेळी या मर्यादेवर बरीच टीका झाली होती. माझा अनुभव विचाराल तर शब्दांच्या मर्यादेने मला नेमके लिहायला शिकवले, परंतु ‘एकच विषय’ म्हणजे काय हे ठरवण्याचे स्वातंत्र्य माहिती अधिकाऱ्याला मिळणे ही त्यातली खरी अडचण आहे. रस्त्याचे अंदाजपत्रक आणि त्याच रस्त्याचा चाचणी अहवाल हे दोन वेगळे विषय आहेत, असे मला सुरुवातीला सांगण्यात आले होते.

नव्याने अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘रस्ता का खचला?’ असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक नाही. अभिलेखात जे नोंदलेले आहे तेच मागता येते, नवे स्पष्टीकरण तयार करून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून मी कारण विचारले नाही. कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, काँक्रीटच्या घनांचे चाचणी अहवाल, अंतिम देयक आणि सुरक्षा ठेवीची नोंद एवढे कागद मागितले.

कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. मला ते एक्केचाळिसाव्या दिवशी मिळाले आणि त्यात कार्यादेश व अंतिम देयक एवढेच होते. बाकीच्या कागदांविषयी ‘माहिती संबंधित विभागाकडून प्राप्त झाल्यावर कळविण्यात येईल’ असे वाक्य होते. संबंधित विभाग त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, समोरच्या दारात होता. ज्या अधिकाऱ्याकडे मदत मागितली जाते तोही कलम ५ नुसार त्या कामापुरता माहिती अधिकारीच मानला जातो, त्यामुळे हे वाक्य कायद्यात बसत नाही. तरीही ते छापील असल्याप्रमाणे उत्तरामागून उत्तरात येते. मुदत उलटल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते, म्हणून मी प्रती पानामागे दोन रुपये भरण्यास नकार दिला. तो त्यांनी मान्य केला, हेही नोंदवले पाहिजे.

यानंतर मी जे केले त्याची शिफारस मी सर्वांना करते. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक शासन निर्णय काढला. त्यानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची सोय करून देण्यात आली. पुणे महापालिकेत असा प्रघात त्यापूर्वीच सुरू झाला होता आणि राज्याने तोच उचलला. अर्जाद्वारे अवलोकन मागितले तरीही पहिल्या तासाला शुल्क नसते. मी एका सोमवारी तीनला पाच मिनिटे असताना बांधकाम विभागात जाऊन शासन निर्णयाची प्रत टेबलावर ठेवली. तेथील कनिष्ठ लिपिकाने अशी काही सोय असल्याचे ऐकले नव्हते. त्याने कार्यालयीन अधीक्षकांना विचारले, अधीक्षकांनी प्रत वाचली आणि मला खुर्ची दिली. नस्ती, म्हणजे त्या कामाची फाइल, यायला चाळीस मिनिटे लागली, पण ती आली.

पुढचा सव्वा तास हा या संपूर्ण सेवेतला सर्वोत्तम भाग होता. उत्तरात मिळणारी झेरॉक्स प्रत कार्यालयाने निवडलेली असते. समोर ठेवलेली नस्ती मात्र कुणी निवडून दिलेली नसते, आणि तिच्यात टिपण्यांची बाजू व पत्रव्यवहाराची बाजू एकमेकींशी ताडून पाहता येते. प्रशासकीय मान्यता कधी, तांत्रिक मान्यता कधी, निविदा कधी उघडली, कार्यादेश कधी दिला, मोजमापे कुणी व कोणत्या दिवशी घेतली, त्यावर उपअभियंत्याने तपासणीची सही केली का, हे सारे एकापाठोपाठ एक वाचत गेले की काम कसे झाले याचे चित्र कुणाच्या सांगण्यावाचून उभे राहते.

मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी २१० मीटर, रुंदी ५.५० मीटर आणि काँक्रीटची जाडी २०० मिलिमीटर अशी नोंद होती. मी घरी परतल्यावर शेजारच्या मुलाला बरोबर घेऊन फीत लावली. पाच ठिकाणी रुंदी ४.९० ते ५.०० मीटर भरली. सरासरी ४.९५ मीटर धरली तर ११५ चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राचे, म्हणजे जाडी खरी मानली तरी सुमारे २३ घनमीटर काँक्रीटचे देयक न केलेल्या कामासाठी दिले गेले, असा हिशेब निघतो. रुंदी मोजायला अभियंता लागत नाही, वीस रुपयांची फीत लागते, पण पुस्तिकेतला आकडा हाती नसेल तर त्या फितीचा काही उपयोग नसतो.

चाचणी अहवाल त्याहून अधिक बोलका होता. काँक्रीट ओतताना त्याचे घन साच्यात भरून ठेवतात आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून त्यांची ताकद पाहतात. देयक मंजूर करताना अठ्ठाविसाव्या दिवसाचा आकडा महत्त्वाचा असतो. नस्तीतील नोंदीप्रमाणे आमच्या रस्त्याचे घन ६ मार्च रोजी भरले होते. म्हणजे त्यांची चाचणी ३ एप्रिलपूर्वी होणे शक्यच नाही. अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीचा अहवाल मात्र २४ मार्चचा होता आणि अंतिम देयक २९ मार्चला मंजूर झाले होते. ज्यांनी कोणत्याही संस्थेचे हिशेब पाहिले आहेत त्यांना या दोन तारखांमागचे कारण कळायला वेळ लागणार नाही: ३१ मार्चला निधी परत जातो. त्या घाईत काँक्रीटला पक्के व्हायला लागणारा वेळसुद्धा कागदावर अठरा दिवसांत बसवला गेला होता. हा मजकूर मी वहीत हाताने उतरवून घेतला. टिपणे काढण्याचा अधिकार कलम २(ञ) मध्ये स्पष्टपणे दिलेला आहे आणि त्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही.

याच कलमात आणखी एक अधिकार आहे, ज्याचा वापर मी फारसा होताना पाहिलेला नाही. नागरिक शासकीय कामातील साहित्याचा प्रमाणित नमुना मागू शकतो. रस्त्यातून कापलेला काँक्रीटचा गाभा, डांबराचा नमुना, शालेय पोषण आहाराचे धान्य, हे सारे यात येऊ शकते. मी दुसऱ्या अर्जाने खचलेल्या जागेजवळचा नमुना मागितला. उत्तर आले की असा नमुना देण्याची कार्यपद्धती निश्चित नाही. कायदा २००५ च्या १२ ऑक्टोबरला पूर्णपणे अमलात आला. एका स्पष्ट अधिकाराची कार्यपद्धती इतक्या वर्षांत एका नगरपरिषदेत ठरलेली नसावी, ही या सेवेतली मोठी उणीव मी मानते.

ठेकेदार खासगी कंपनी आहे आणि तिला थेट माहिती मागता येत नाही, हे सांगून मला परत पाठवण्याचाही प्रयत्न झाला. ते अर्धेच खरे आहे. खासगी संस्थेविषयीची जी माहिती एखाद्या सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने मिळवता येते, ती त्या प्राधिकरणामार्फत नागरिकालाही मागता येते. शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचे संचालक कोण हे विनामूल्य दिसते आणि शंभर रुपये भरून तिचे ताळेबंद व अन्य दाखल कागद पाहता येतात. मी ते पाहिले. या बाबतीत कंपनी कायद्याची सोय नगरपरिषदेच्या सोयीपेक्षा कितीतरी पुढे आहे: कुणाला विचारावे लागत नाही, कुणी कारण विचारत नाही, आणि कागद त्याच क्षणी समोर येतो. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ चा हेतूही हाच होता. प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती १२० दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि नागरिकाला अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, अशी ती रचना आहे. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर सतरा बाबींची जी फाइल आहे, तिच्यात बदली होऊन गेलेल्या मुख्याधिकाऱ्यांचे नाव अजून आहे.

आता अपिलाकडे वळते. पहिले अपील ज्या कार्यालयाने माहिती नाकारली त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जाते. तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. माझी सुनावणी वेळेत झाली आणि ती अकरा मिनिटे चालली. अपिलीय अधिकारी सौजन्याने वागले, त्यांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि ‘उर्वरित माहिती पंधरा दिवसांत विनामूल्य देण्यात यावी’ असा आदेश काढला. तो आदेश आजही माझ्याकडे आहे, माहिती मात्र आलेली नाही. स्वतःचाच आदेश पाळला न गेल्यास प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने काय करावे, यासाठी त्याच्या हाती कायद्याने दंडाचा अधिकार दिलेला नाही. दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपयांपर्यंतचा दंड फक्त राज्य माहिती आयोगच करू शकतो.

म्हणून नव्वद दिवसांच्या आत मी राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे दुसरे अपील केले. ते २०२५ च्या जानेवारीत दाखल झाले. अपिलाचा क्रमांक मिळाला, सुनावणीची तारीख मिळालेली नाही. पहिल्या अपिलाला जशी कालमर्यादा आहे तशी दुसऱ्या अपिलाला अधिनियमात नाही, आणि आयुक्तांची पदे वेळेवर भरली न गेल्याने प्रकरणे साचत जातात. ही पदे रिकामी ठेवणे म्हणजे कायद्याचा हेतूच निष्फळ करणे होय, या आशयाचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात दिले होते. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. माझ्यासारख्या अर्जदाराला या दोन्ही गोष्टींचा अर्थ एवढाच कळतो की, निकाल देणारे लोक कमी आहेत आणि त्यांच्या स्वातंत्र्याची हमीही पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

एरवी उशीर हा शासकीय सेवेचा सर्वसाधारण दोष मानून आपण पुढे जातो, पण येथे उशीर हाच नकार ठरतो. आमच्या रस्त्याच्या कार्यादेशात दोष दायित्वाचा कालावधी तीन वर्षांचा आहे. या काळात रस्त्यात जो दोष निघेल तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव नगरपरिषदेकडे अडकलेली असते. हा कालावधी मार्च २०२६ मध्ये संपतो. त्यानंतर ठेव परत दिली जाईल आणि खचलेला रस्ता पुन्हा नागरिकांच्याच करातून दुरुस्त होईल. चाचणी अहवालाची प्रमाणित प्रत मला एप्रिलमध्ये मिळाली, तर ती अचूक असेल, पूर्ण असेल आणि बिनकामाची असेल. माहिती रोखून धरणाऱ्याला ती कायमची लपवण्याची गरज उरत नाही, तारीख उलटेपर्यंत थांबणे पुरते. कायद्याने जगण्या-स्वातंत्र्याशी संबंधित माहितीसाठी ४८ तासांची मुदत ठेवली आहे. ठेकेदारीच्या कामांत दोष दायित्वाची मुदत चालू असताना दुसरे अपील प्राधान्याने ऐकण्याची तशीच तरतूद असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी काळजी अलीकडची आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा पूर्वीपासून होती, पण सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी माहिती एवढीच तिची व्याप्ती होती. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी, आणि संसदेला वा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असा शेराही तेथे होता. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने या अटी काढून टाकल्या आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद उरला. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे, परंतु ते जनहित सिद्ध करण्यासाठी अर्जदाराला अपिलाच्या त्याच लांबलेल्या रांगेत उभे राहावे लागेल. मोजमाप पुस्तिकेवर ज्याची सही आहे त्या अभियंत्याचे नाव उद्या वैयक्तिक माहिती म्हणून झाकले गेले, तर आकडे दिसतील आणि त्यांची जबाबदारी कुणाची हे दिसणार नाही.

या अधिकाराची सुरुवात अशाच एका कागदापासून झाली होती, हे मला नस्ती वाचताना वारंवार आठवत होते. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि कामावर कधी गेलेच नव्हते अशांची नावे त्यात निघाली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा स्वतंत्र कायदा केंद्राच्या कायद्याआधीच आला. त्याच महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. जमीन व्यवहारांचे कागद ते याच अधिकाराने मागत होते. मला नगरपरिषदेत कुणी धमकावले नाही, खुर्ची दिली आणि चहाही विचारला. हा फरक मी गृहीत धरत नाही.

गुण द्यायचेच तर अर्जाच्या सोयीला पाचपैकी चार, सोमवारच्या अवलोकनाला साडेचार, लेखी उत्तराला दोन, पहिल्या अपिलाला दोन आणि दुसऱ्या अपिलाला एकही नाही. ज्यांच्या परिसरात नवे काम झाले आहे त्यांनी वर्ष-दीड वर्ष वाट पाहू नये. काम संपल्यापासून महिन्याभरात अर्ज करावा, दोष दायित्वाची शेवटची तारीख कार्यादेशातून आधी उतरवून घ्यावी आणि लेखी उत्तराची वाट पाहत असतानाच अवलोकनाला जावे. दोघांनी मिळून गेल्यास एकाने वाचावे व दुसऱ्याने लिहावे, कारण सव्वा तास फार लवकर संपतो.

मी दुसऱ्या अपिलाच्या लवकर सुनावणीसाठी आयोगाला विनंतीपत्र दिले आहे आणि त्यासोबत माझी वहीतली टिपणे, रुंदीची पाच मोजमापे व खचलेल्या कडेची छायाचित्रे जोडली आहेत. त्याच कागदांचा एक संच मुख्याधिकाऱ्यांना दिला असून, चौकशी होईपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत करू नये अशी लेखी मागणी केली आहे. त्या पत्रावर आवक क्रमांक आणि तारीख आहे. येत्या सोमवारी तीन वाजता मी त्या ठेवीची नोंदवही पाहायला जाणार आहे.